आठ चाळीसची नोंद

पाहायचं काम दीनाचं आणि लिहायचं माझं, ही आमची वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ठरून गेली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि रविवारी तळ्यावर जाऊन पक्षी मोजायची. मी इंदूरच्या कोर्टात स्टेनो. पक्ष्यांतलं मला तेव्हा कावळा आणि चिमणी एवढंच कळायचं. आज फार तर वीस-पंचवीस नावांची भर पडली असेल. पण भरभर आणि बिनचूक लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी मोठेपणा म्हणून नाही सांगत, ते खरंच होतं.

पक्षी मोजायचा नियम साधा आहे. पाहणाऱ्यानं दुर्बिणीवरून डोळा काढायचा नाही आणि लिहिणाऱ्यानं मान वर करायची नाही. दोघं पाहायला लागले की एकच बदक दोनदा मोजलं जातं. मला हा नियम लगेच मानवला, कारण कोर्टातही तोच होता. साक्षीदार बोलतो ते उतरवून घ्यायचं. तो खरं बोलतो की थापा मारतो, हे ठरवायला वर साहेब बसलेले असतात. स्टेनोनं तोंडसुद्धा वाकडं करायचं नाही. शेवटी लिहिलेलं सगळं साक्षीदाराला वाचून दाखवायचं, खाली ठरलेली ओळ टाकायची, 'पढ़कर सुनाया, समझाया, सही होना स्वीकार किया', आणि त्याची सही घ्यायची. एकतीस वर्षांत मी किती खोटं शुद्ध अक्षरात उतरवलं याची गणती नाही. त्याचा मला कधी त्रासही झाला नाही. ते माझं नव्हतंच.

तीन वर्षांपूर्वी दीनाच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. मग मनगट, मग डावा हात. पार्किन्सन्स, असं डॉक्टरांनी सांगितलं. शाळेच्या फळ्यावर मागच्या बाकापर्यंत दिसेल असं टपोरं लिहिणारी बाई, तिचं अक्षर मुंगीएवढं झालं. धम्मदीना एवढं पूर्ण नाव ती सहीत लिहायची, ते 'ध' आणि एक रेघ इतकंच उरलं. पण तिला झोंबलं ते दुर्बिणीचं. माझे वडील महूच्या पलटणीत हवालदार होते, त्यांची जुनी, विटेएवढी जड दुर्बीण ती बत्तीस वर्षं वापरत होती. आता ती डोळ्यांना लावली की अख्खं तळं थयथय नाचायचं. दोन रविवार तिनं दात-ओठ खाऊन प्रयत्न केला. तिसऱ्या रविवारी दुर्बीण खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, 'झालं आपलं.' मला धीर द्यायला जमत नाही, उलट काहीतरी तिरकस निघतं तोंडातून.

आमची मुलगी शिखा विजय नगरला एका आयटी कंपनीत आहे. गेल्या दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ती एक खोकं घेऊन आली. आत नवी दुर्बीण होती, वर एक बटण असलेली.

'मम्मी, ये बटण दाबून ठेवायचं बस. आत भिंगं आहेत ना, हात हलला की ती उलटी हलतात. मतलब हात हलू दे, चित्र हलणार नाही.'

आम्ही गच्चीवर गेलो. भंवरकुआंला आमचं घर आहे. तीन बाजूंनी कोचिंगच्या पोरांची होस्टेलं उगवलीत, त्यामुळे गच्चीवरून आभाळ असं एका बाजूलाच दिसतं. त्या बाजूच्या पाण्याच्या टाकीवर कसलातरी पक्षी बसला होता. दीनानं दुर्बीण लावली. तिचे हात थरथरत होते, दुर्बीण थरथरत होती. मग तिनं बटण दाबलं.

'अहो,' ती म्हणाली, 'थांबलं. सगळं थांबलं.'

ती रडत होती आणि रडता रडता सांगत होती की ससाणा आहे, मादी आहे, डाव्या पायाशी कबुतराचं पीस चिकटलंय. माझ्या सदऱ्याच्या खिशात पेन होतंच. मी दुधाच्या पिशवीवर लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. तळ्याचं नाव इथे लिहीत नाही, ज्यांना ते हवंय त्यांच्याकडे ते पोचलेलं आहे. शहरापासून अर्ध्या तासावर, एका बाजूला दगडी पाळ, समोरच्या काठाला सिंघाड्याच्या वेली पसरलेल्या. वेलींमध्ये ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी टाकून सिंघाडे तोडणारी माणसं बसलेली असत. त्यांत वासुदेव नावाचा एक चाळिशीचा माणूस आम्हाला ओळखायचा. पाळीवर त्याची बायको शांता उकडलेले सिंघाडे विकायची, आणि वासुदेव पाण्यातूनच हात उंच करून ओरडायचा, 'मैडमजी, आज चिड़िया कित्ती?' दीना मास्तरणीच्या आवाजात आकडा सांगायची. त्याला काय करायचं होतं त्या आकड्याचं, कुणास ठाऊक. पण त्याला तो हवा असायचा.

दोन रविवार झकास गेले. थापट्या बदकं एकशे दहा, तलवार बदकं चाळीस, चांदवे मोजून मोजून दमायला झालं. तिसऱ्या रविवारी दीनानं सांगितलं, 'सारस, दोन. आणि एक पिल्लू.' मी लिहिलं. मग तिनं दुर्बीण लावली आणि म्हणाली, 'उडाले वाटतं.'

पक्षी मोजणाऱ्यांचा आमचा ग्रुप रुची नावाची कॉलेजातली मास्तरीण चालवते. दर रविवारी मी तिला यादी पाठवतो, ती पाहून तिचा संध्याकाळी फोन आला. 'अंकल, सारस? त्या तलावावर? आम्ही दुपारभर तिथेच होतो, एक पण नाही दिसला.'

'दीनानं सांगितलं म्हणजे होते,' मी म्हणालो आणि फोन ठेवला. मला राग आला होता. कालची पोरगी, दीनाला शिकवते.

त्याच आठवड्यात दीनानं जेवता जेवता विचारलं, 'जिन्यावर ही कुणाची मुलगी येऊन बसलीय हो?' आमच्या जिन्याच्या पायरीवर कुणी नव्हतं. मी तसं म्हणालो. तिनं पायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घास तसाच ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर मांजर होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ती मुलगी. दीनाला वेड लागलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. तिला दिसायचं आणि ते खरं नसावं हेही तिला कळायचं. त्यामुळेच तिचं तोंड उतरायचं.

डॉक्टर म्हणाले, 'सर, दवाई का असर भी हो सकता है, बीमारी का भी. डोज़ धीरे-धीरे कम करेंगे. तब तक बहस मत कीजिए. हाँ-हाँ बोलिए और बात बदल दीजिए.'

हा सल्ला मी जरा जास्तच मनावर घेतला.

पुढच्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिता लिहिता मान वर केली. दीना म्हणाली, 'पाळीच्या टोकाला बगळे, सहा.' मी हळूच पाहिलं. पांढऱ्या गोण्या होत्या. मी बगळे सहा लिहिले आणि बाजूला एक छोटा गोल काढला. त्या दिवशी तीन गोल झाले. घरी रुचीला यादी पाठवताना मी गोलवाल्या नोंदी वगळल्या. मी वही शॉर्टहँडमध्ये लिहितो, दीनाला ती वाचता येत नाही. पण गोल कुणालाही दिसतो.

'हे काय आहे?' तिनं विचारलं.

मी सारवासारव करायला गेलो. मला ती जमत नाही, गोण्यांचं तोंडातून निघालंच.

'तुम्ही माझ्या मागून पाहता?' ती म्हणाली. तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन बसली. विचार करून आली होती. जन्मभर मुलांकडून प्रयोग करून घेतलेली बाई, ती आजारावरही प्रयोग करून आली होती.

'ऐका. ती मुलगी जिन्यावर बसली होती ना, तेव्हा मी दुर्बीण लावून पाहिलं. ती मोठी झालीच नाही. नाहीशी झाली. मांजराचंही तेच. त्या दिवशी सारसाचंही तेच झालं, मला वाटलं उडाले. आणि त्या गोण्या मी नुसत्या डोळ्यांनीच पाहून सांगितल्या, चूक झाली. भास दुर्बिणीत मोठा होत नाही हो. खरं असतं ते मोठं होतं. बटण दाबलं की स्थिर होतं. म्हणून घरात मी काही बोलले तर खुशाल नाही म्हणा. पण दुर्बिणीतलं माझं. तिथे माझ्या मागून पाहायचं नाही. कबूल?'

'कबूल,' मी म्हणालो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हो-हो म्हणा. तेवढंच मी केलं. तिचा प्रयोग बरोबर की चूक, हे मी तपासलं नाही, कुणाला विचारलंही नाही. आजारी माणसानं स्वतःची समजूत घातलीय, असं मनाशी धरून मोकळा झालो. एक मात्र केलं. तिच्या मागून पाहायचं मी खरोखरच सोडलं, आणि गोल काढायचं चालू ठेवलं. आता न पाहताच काढू लागलो. मला जे पटणार नाही त्याला गोल. पेन्सिलीनं, अगदी फिका. निवृत्त झाल्यावर मी साहेब झालो होतो.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. थंडी बरीच होती, पाण्यावर पांढुरकं धुकं होतं ते आठपर्यंत निवळलं. शांता त्या दिवशी पाळीवर नव्हती. आमच्यापासून शंभरेक पावलांवर दोन माणसं एका डोंगीत, छोट्या होडीत, बसून सिंघाडे धूत होती. मला चहा हवा होता. माझे गुडघे धरले होते. दीना स्टुलावर बसून मोजत होती. अडई साठ. शेकाट्या बावीस. मी लिहीत होतो.

'अहो, माणूस,' ती म्हणाली.

'कुठे?'

'वेलींत. गळ्यापर्यंत पाण्यात आहे. हात वर केलाय.'

मी घड्याळ पाहिलं, आठ चाळीस. लिहिलं : माणूस, एक, वेलींत, हात वर. आणि बाजूला गोल काढला.

'हो, लिहिलं,' मी म्हणालो.

'लिहू नका हो, पाहा! नुसता ठिपका दिसतो डोळ्यांनी, पण दुर्बिणीत मोठा होतोय.'

'वासुदेव असेल. तो करतोच की तुला हात.'

'वासुदेव ट्यूबवर असतो. हा पाण्यात आहे. ट्यूब वेगळी आहे, ती लांब गेलीय. अहो उठा. मोठा होतोय, रत्नपाल, मोठा होतोय!'

लग्नानंतर तिनं मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. तिनं दुर्बीण माझ्यापुढे धरली. दोन्ही हात इतके हलत होते की पट्टा तिच्या कोपरावर आपटत होता. मी काय करायला हवं होतं ते सांगायला कोर्ट-कचेरी लागत नाही. ती दुर्बीण घ्यायची, डोळ्यांना लावायची, बटण दाबायचं. ते नको असेल तर डोंगीवाल्यांना नुसती एक हाक. शंभर पावलं.

मी दुर्बीण घेतली. तिची टोपणं लावली, पिशवीत ठेवली आणि चेन ओढली.

'दीना, तिथे काही नाहीये.'

'तुम्ही पाहिलंत?'

'पाहिलं.'

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तळ्याकडे वळली. नुसत्या डोळ्यांना तिथे वेलींचा हिरवा पट्टा आणि काही काळे ठिपके, एवढंच दिसत होतं. चांदवेही तसेच दिसतात.

'मग नसेल,' ती म्हणाली.

मला कंटाळा आला होता. हे लिहायची लाज वाटते पण कारण तेच आहे. उगाच मोठी कारणं शोधू नयेत. मला थंडी वाजत होती, भासांचा वीट आला होता, आणि डोंगीवाल्यांना हाक मारून आपलं हसं होईल याची भीती वाटली. पाळीच्या टोकाला आम्ही चहा घेतला. दीनाचा कप मी धरला. परतताना ऑटोत ती एकदाच बोलली.

'बोटं सुटी दिसत होती हो त्याची. पाच.'

'जाऊ दे ना,' मी म्हणालो.

सोमवारी संध्याकाळी रुचीचा मेसेज ग्रुपवर आला. तलावात वासुदेव नावाचा सिंघाडेवाला बुडाला, पाय वेलीत अडकला होता, आज दुपारी सापडला, येत्या रविवारची मोजणी रद्द. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. मी मेसेज तीनदा वाचला. मी स्वयंपाकघराच्या दारातच खाली बसलो.

'काय झालं?' आतून दीनानं विचारलं.

'काही नाही. बीपी.'

दीना मोबाइल वापरत नाही, बोट एका जागी टिकत नाही. मंगळवारचा पेपर मी गादीखाली सरकवला. चार ओळींची बातमी होती : रात्री दारूच्या नशेत पाण्यात उतरला असावा, कुणी पाहिलं नाही.

दीनानं रविवारीच दुर्बीण खोक्यात घालून ठेवली होती. मला शिखाला फोन लावायला सांगून ती तिला म्हणाली, 'परत घेतात का बघ गं. मला आता नको. दुर्बिणीतसुद्धा भास व्हायला लागले.' त्यानंतर ती खिडकीशी डोळे मिटून बसायला लागली. मी विचारलं तर म्हणायची, 'मिटलेले बरे. उघडले की प्रत्येक गोष्टीला विचारत बसावं लागतं, तू आहेस का म्हणून.' जेवताना वाटी कुठाय हे मला विचारायची. वाटी समोर असायची. तिला ती दिसतही असायची, पण ती आहे यावर तिचा भरवसा नव्हता. हे माझ्यामुळे होत होतं आणि तिला ठाऊक नव्हतं.

शिखाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'पप्पा, मम्मीला नका सांगू. प्लीज. ती खलास होईल. तिला वाटेल तिनं बघितलं आणि काही केलं नाही. भास होता, बस. बात खतम.'

मला ते ऐकून बरं वाटलं. तेही लिहून ठेवतो. वही शॉर्टहँडमध्ये आहे, माझ्याशिवाय ती वाचू शकणारा माणूस आता शोधून सापडायचा नाही. मी नुसतं गप्प बसायचं होतं. मला तर गप्प बसायचाच पगार मिळत होता जन्मभर.

गुरुवारी मी एकटाच तळ्यावर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. शांता झोपडीपुढे बसली होती, भोवती दोन-तीन बायका. मी उभा राहिलो. तिनं मला ओळखलं.

'मैडमजी नी आए?'

'तबियत ठीक नहीं.'

'सब के रिये हैं पीके उतरा था रात को,' ती म्हणाली. 'बाबूजी, उसने कभी छुई भी नी. मैं मायके गई थी शनिच्चर को. सुबे गया होगा वो, रोज सुबे ही जाता था. पर किसी ने देखा नी. एक आदमी ने भी नी देखा. कैसे बोलूँ मैं?'

माझ्या झोळीत वही होती. पान उघडून आठ चाळीस एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणालो, 'हाँ, हाँ,' आणि निघालो. पाळीवरून चालताना डोंगी दिसली, रिकामी, दगडाला बांधलेली. मी तिथून त्या आमच्या जागेपर्यंत पावलं मोजली. शंभरेक म्हणत होतो, ती ब्याऐंशी भरली.

शुक्रवारी सकाळी दीना नेहमीसारखी खिडकीशी बसली होती, डोळे मिटून. अंगावर ऊन आलं होतं. शेजारच्या होस्टेलात कुणीतरी मोठमोठ्यानं भौतिकशास्त्राचे नियम पाठ करत होतं. मी वही घेऊन तिच्यासमोर खुर्ची ओढली.

'दीना, वाचून दाखवायचं राहिलंय.'

'काय?'

'रविवारचं. बत्तीस वर्षांत कधी तुला वाचून दाखवलं नाही. नियम असतो तसा.'

तिनं डोळे उघडले. मी वाचायला लागलो. थापट्या छप्पन्न. तलवार बदक एकतीस. अडई साठ. शेकाट्या बावीस. ती मान हलवत होती. मग मी पाणी प्यालो आणि पुढचं वाचलं. आठ चाळीस, माणूस एक, वेलींत, हात वर.

'ते नका वाचू,' ती म्हणाली.

'तो होता,' मी म्हणालो. 'वासुदेव होता. सोमवारी सापडला. तुझा प्रयोग बरोबर होता दीना, तुला बरोबर दिसलं होतं.'

मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा रडेल, किंवा शिखा म्हणते तशी कोसळेल. तसं काहीच झालं नाही. ती समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होती, मग खुंटीवरची माझी छत्री, मग खिडकीतला गंज. एकेक गोष्ट नीट बघत होती. तिचे हात मांडीवर जोरात हलत होते.

'मी तुम्हाला विचारलं होतं,' ती म्हणाली. 'पाहिलंत का म्हणून.'

'हो.'

'तुम्ही हो म्हणालात.'

'हो.'

'म्हणून मी उठले नाही. नाहीतर मी स्वतः गेले असते त्या डोंगीवाल्यांकडे. पडत-झडत गेले असते.'

मी तिला शांताचं सांगितलं, दारूचं, रात्रीचं, कुणी पाहिलं नाही म्हणतात त्याचं. सगळं ऐकून तिनं हात पुढे केला.

'वही द्या. आणि पेन.'

'सही करतेस?'

'मी मागाहून करीन. आधी तुमचं.' तिनं वही मांडीवर घेतली आणि नवं पान उघडलं. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. 'हे आपण शांताला नेऊन द्यायचं. ठाण्यातही द्यायचं. तुम्ही बोला. मी लिहिते.'

'दीना, तुझा हात...'

'बोला.'

मी नाव सांगितलं. वडिलांचं नाव, वय, धंदा, राहणार भंवरकुआं. एकेका अक्षराला तिला इतका वेळ लागत होता की मला प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागत होतं. माझ्यासमोर कितीतरी साक्षीदार असे पिंजऱ्यात उभे राहून गेले आणि त्यांना कधी एकदा संपतं असं होई, हे मला दिसायचं. पण मी भरभर लिहायचो, त्यांची सुटका लवकर व्हायची. दीनाचं पेन सरकत नव्हतं. रविवारी सकाळी आठ चाळीस वाजता माझ्या पत्नीला पाण्यात माणूस दिसला. तिनं मला तीनदा सांगितलं. डोंगी ब्याऐंशी पावलांवर होती. तिनं मला दुर्बीण दिली. ती मी पिशवीत ठेवली. खाली मुंगीएवढ्या अक्षरांची वाकडी रांग पानाच्या कडेला जाऊन पुन्हा परतत होती.

'पुढे,' ती म्हणाली.

'तिनं विचारलं, पाहिलंत का. मी पाहिलं असं सांगितलं.'

ती लिहीत राहिली. शेजारच्या होस्टेलातला आवाज थांबला होता. मी वाट पाहत होतो.

'पुढे?'

'मी पाहिलं नव्हतं.'

पेन पानावर टेकलं आणि तिथेच थरथरत राहिलं, एक काळा डाग पडला. तिनं पेन उचललं, मनगट पुन्हा दाबून धरलं आणि पुन्हा टेकवलं.

'परत सांगा,' ती म्हणाली. 'सावकाश.'

मी परत सांगितलं.